दाजींची वाटी

फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजीबाईंना खोकल्याचं औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर हे पुन्हा एकदा समजावत होतो. फोन माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. ती एरवी आधी माझी, मग माझ्या बायकोची, मग आमच्या दारातल्या लिंबाच्या झाडाची चौकशी करते आणि त्यानंतर मुद्द्यावर येते. त्या दिवशी मात्र थेट म्हणाली, "दिलीप, खव्याच्या गल्लीत जा. तुजे दाजी बसल्या जागी कलंडलेत म्हनं. पटकन जा..." मग जरा थांबली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आन् बग, त्येंच्या तोंडात काई हाय का."

नवरा कोसळल्याचं कळल्यावर बायकोनं पहिला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. मागचं काही ठाऊक नसलेल्या माणसाला तो चमत्कारिक वाटेल, कदाचित निर्दयही वाटेल. पण आमच्या घरात गेली दीड-दोन वर्षं याच एका प्रश्नाभोवती सगळं फिरत होतं. मी गल्लीत पोचलो तोवर माल नेणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं दाजींना गाडीत घालून दवाखान्याकडे नेलं होतं. मी मागोमाग गेलो. डॉक्टर म्हणाले, वाटेतच संपलं होतं सगळं. दाजींचा चेहरा दुपारी जेवून पडल्यावर असायचा तसाच होता. ओठ मिटलेले होते. ते उघडून बघायची माझी छाती झाली नाही. थोड्या वेळानं आक्का आली, तिनं आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला.

आमचे दाजी, म्हणजे ज्ञानोबा, केजला खव्याचा व्यापार करायचे. आमच्या भागात पाऊस बेभरवशाचा, म्हणून कितीतरी घरं शेतीपेक्षा म्हशींच्या जिवावर उभी आहेत. डोंगराकडच्या वस्त्यांवर अजून चुलवणं पेटतात, मोठ्या कढईत दूध आटतं आणि सकाळी जीपच्या टपावरून, मोटारसायकलच्या मागे बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळलेला खवा केजला येतो. तिथल्या एका बोळात, आपल्या गाळ्यातल्या ओट्यावर, सतरंजीची चौघडी टाकून दाजी बसत. समोर एकेकानं आपला खवा उघडायचा. दाजी अंगठा आणि दोन बोटांनी चिमट घेत, ती घासून किती तूप सुटतं ते बघत, मग नाकाशी नेत आणि शेवटी जिभेवर ठेवत. डोळे मिटत. तांब्यातल्या पाण्याचा एक घोट घेत आणि मग बोलत. दूध रात्रीचं आहे की सकाळचं, खाली लागलंय का, म्हैस नुकती व्यालेली आहे का, हे ते खव्याकडे न बघताही सांगत. एकदा एकाला म्हणाले, "चुलीत बाभळीऐवजी काय घातलतं बे, टायर?" तो गडी कबूल झाला, की लाकडं ओली होती म्हणून पेटवणाला टायरचा तुकडा वापरला होता.

ही त्यांची जीभ म्हणजे त्या गल्लीतला शेवटचा शब्द. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाखणं हा तिथे मान होता. पहाटेपासून धुरात डोळे लाल करून बाई खवा घेऊन येते, तो दाजींनी जिभेवर ठेवला म्हणजे तिच्या हाताला पावती मिळाली. नुसता बोटांनी बघून बाजूला सारला तर अख्ख्या गल्लीनं समजून घ्यायचं, यात काहीतरी काळंबेरं आहे. भेसळीचा संशय असेल तरच दाजी खवा जिभेला लावत नसत. ही रीत कुणी घालून दिली ते मला माहीत नाही, पण ती पाळली जायची आणि पुढे तिनंच सगळा घोळ केला.

दाजी आक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. वडिलांनी हौसेनं बासुंदी करवली होती. वाटी पुढे आली, पाहुणे मंडळी वाखाणू लागली, आणि नवरदेवानं पहिल्याच घोटाला डोळे मिटले. आम्ही समजलो, आवडली. डोळे उघडून म्हणाला, "दूध उलिसं खाली लागलंय." बासुंदी आक्कानं केली होती आणि ती दाराआड उभी होती. आतून आवाज आला, "मग ठिवा तशीच." आमचे वडील पांढरेफटक पडले. दाजींनी मात्र ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि आणखी एक मागितली. जाताना वडिलांना म्हणाले, पोरगी पसंत आहे. पुढे कधी भांडण झालं की आक्का म्हणायची, त्या दिवशी दूध लागलंच नव्हतं. दाजी मरेपर्यंत म्हणत राहिले, लागलं होतं.

मी त्यांचा एकुलता एक मेहुणा, त्यातून औषधाच्या दुकानाचा मालक, त्यामुळे थट्टेला दोन्ही बाजूंनी भरपूर मोकळं रान. ते मला 'गोळीवाले' म्हणत. दर एकादशीला उपास धरून नारायणगडाला दर्शनाला जायचे आणि येताना हटकून माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे. गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी सोडाच, अंडं घातलेल्या केकचा वास आला तरी तोंड फिरवणारा माणूस. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वरण, एखादी भाजी. विडी नाही, तंबाखू नाही, दारूचं तर नाव नाही. मी त्यांना म्हणायचो, तुमच्यासारखीच सगळी गिऱ्हाइकं निघाली तर मला दुकानात खवा विकायला ठेवावा लागेल. ते हसत आणि म्हणत, "आनून देतो की. पर चाखल्याबिगर घिऊ नका."

असेच एका एकादशीला पायरीवर बसले असताना मानेच्या मागे हात दाबत होते. डोकं जड वाटतं म्हणाले. मी गमतीगमतीत ब्लडप्रेशरच्या यंत्राचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. आकडा बघून माझी गंमत संपली. उन्हातून आले असतील म्हणून जरा वेळ बसवलं, पाणी दिलं, पुन्हा मोजलं. तेच. दुसऱ्या दिवशी मागे लागून रक्त तपासायला लावलं, आणि कोलेस्टेरॉलचा आकडा असा काही आला की मी तो चष्मा पुसून पुन्हा वाचला. दाजींनी मात्र तो मनावर घेतला नाही. त्यांच्या मते लॅबवाल्या पोरीनं बाटल्यांची अदलाबदल केली होती. "माज्या आदी त्यो मटनाच्या खानावळीवाला रगत दिऊन गेलता," ते म्हणाले. "त्येचं हाय हे. मी माळकरी मानूस, मला कावून हुईल?" आणि खरोखर त्या खानावळवाल्याला निरोप पाठवला, की बाबा, तब्येत सांभाळ, तुझा रिपोर्ट माझ्याकडे आलाय. तो बिचारा घाबरून माझ्याकडे गोळ्या मागायला आला.

हसायला येतं, पण आमच्याकडे ही समजूत फार पक्की आहे. कोलेस्टेरॉल हा खाणाऱ्या-पिणाऱ्यांचा आजार. माळ घातली की त्यातून सुटका. मी औषधं विकतो, माझ्या काउंटरवर रोज असे माळकरी येतात, आणि रोज माझा संताप होतो. आक्का माझ्यासारखी संतापत नाही, ती कामाला लागते. तिनं फोडणीतलं तेल थेंबावर आणलं, घरातलं तूप देवापुरतं ठेवलं, पापड-भजी बंद केली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता आणि प्रेशरही तसंच. तेव्हा मात्र आक्का घाबरली. तिच्या सासऱ्यांना याच वयात अर्धांगवायू झाला होता आणि तिनं त्यांचं सगळं सात वर्षं केलं होतं. आम्ही दाजींना जीपमध्ये घातलं आणि अंबाजोगाईला एका डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या होत्या, हे विशेष. सकाळी उठल्यापासून काय काय खाता, म्हणाल्या. दाजींनी सांगितलं. आक्कानं मध्येमध्ये दुजोरा दिला. दोघंही एक अक्षर खोटं बोलत नव्हती. बाई लिहायच्या थांबल्या. एवढं साधं जेवण आणि रक्तात हा प्रकार, कदाचित घराण्याचा दोष असेल, त्या म्हणत होत्या... तेवढ्यात दाजींना आठवलं, की आपण रिकाम्या हातानं आलेलो नाही. त्यांनी पिशवीतून पळसाच्या पानात बांधलेला खवा काढला, टेबलावर ठेवला, दोरा सोडला, आणि देण्याआधी त्यातली एक चिमट घेऊन, घासून, वास घेऊन जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "सकाळचाच हाय," म्हणाले आणि पान बाईंच्या पुढे सरकवलं.

बाई खव्याकडे बघतच नव्हत्या. "आत्ता तोंडात काय टाकलंत?"

"काई न्हाई. चव बगितली."

"हे दिवसातून किती वेळा करता?"

दाजींना प्रश्नच कळला नाही. "आवो, ते काम हाय माजं," ते म्हणाले. "चव म्हंजी खानं न्हवं."

मी आक्काकडे पाहिलं, आक्कानं माझ्याकडे. संसाराची तीस-पस्तीस वर्षं आणि माझी दुकानातली पंचवीस, पण दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. येणार कसं? एकादशीच्या कडक उपासातही ते सकाळी गल्लीत बसून चाखायचे आणि त्यानं उपास मोडत नसे, कारण ते खाणं नव्हतंच. लोहार ठिणग्या मोजत नाही तसं काहीसं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एक दिवस माझ्यासाठी एवढंच करा. तोंडात टाकाल ती प्रत्येक चिमट तोंडात न टाकता एका वाटीत ठेवा. संध्याकाळी ती वाटी वहिनींना दाखवा. मला दाखवायची गरज नाही."

त्या दिवशी निघण्याआधी बाईंनी आणखी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी त्यांना कायम मानेन. दाजींनी विचारलं होतं, की चरबी रक्तात असंल तर असंल, तिचा आन् प्रेशरचा काय संबंध? माझ्यासारख्यानं नळात गाळ साचल्याचं काहीतरी सांगून वाटेला लावलं असतं. बाई म्हणाल्या, नुसता गाळ साचत नाही हो. रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे, ती जिवंत असते. तिला आतून एक नाजूक अस्तर असतं. रक्त जोरात यायला लागलं की ते अस्तर एक रस सोडतं, आणि त्या रसानं वाहिनी सैल पडते, वाट करून देते. रक्तात कोलेस्टेरॉल फार झालं की ते आधी त्या अस्तरात शिरतं. अस्तर आजारी पडतं, रस सोडेनासं होतं. मग वाहिनी आवळलेलीच राहते, पुढे पुढे कडक होते, आणि रक्त पुढे ढकलायला हृदयाला जोर लावावा लागतो. तो जोर म्हणजे तुमचं वाढलेलं प्रेशर. आणि त्या जोराचे तडाखे बसून अस्तर आणखी बिघडतं, आणखी चरबी आत शिरते.

दाजींनी आपल्या मनगटाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी पान्हा चोरायली ती."

बाई मूळच्या शहरातल्या असाव्यात, त्यांना ते उमगलं नाही. दाजींनी समजावलं. म्हैस मनातून मोकळी असली की वासरू लागताच पान्हा सोडते, सड ढिले पडतात, दूध आपसूक उतरतं. तीच बिथरली, आजारी असली की पान्हा चोरते. मग माणूस कितीही जोर लावो, दूध येत नाही, बोटं दुखतात आणि सडाला इजा होते ती वेगळीच. बाई म्हणाल्या, बरोबर, अगदी असंच. परतीच्या जीपमध्ये दाजी आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून बसले होते. नाडी बघत होते की काय कोण जाणे. केज येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

वाटी साधी स्टीलची होती, आक्कानं घरातून दिलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. दाजींनी वाटीवरची ताटली काढली. वाटी काठोकाठ भरून वर शीग आली होती. चिमटीवर चिमट चिकटलेली, प्रत्येकीवर अंगठ्याचा खळगा. आक्कानं ती हातात घेतली, तिचं वजन जोखलं आणि खाली बसली. एवढं रोज, वर्षानुवर्षं, सणावाराला तर याच्या दुप्पट... आमच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि आम्ही फोडणीतले तेलाचे थेंब मोजत होतो. आक्का एरवी पटकन रडत नाही. त्या दिवशी मोठ्यानं रडली आणि म्हणाली, "मला मामंजींसारकं तुमचं करायला लावू नका. माज्यानं न्हाई हुनार आता." दाजींनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाले, "आता जिभंवर ठेवनार न्हाई. जा."

माळकऱ्यानं माळेला हात लावून दिलेला शब्द म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. तो मोडला तर माळ उतरवावी लागते. मला मात्र खरी काळजी गल्लीची होती, आणि ती खरी ठरली. पहिल्याच आठवड्यात बोभाटा झाला, की ज्ञानोबा कुणाचाच खवा जिभेला लावेना, म्हणजे सगळ्यांचाच माल खराब ठरवून भाव पाडायचा डाव आहे. गयाबाई म्हणून एक आहेत, डोंगराकडच्या वस्तीवरच्या, म्हशी सांभाळून एकटीनं घर उभं केलेल्या. त्यांचा खवा दाणेदार, वरून किंचित लालसर, गल्लीत एक नंबर. दाजींनी चिमट घासली, वास घेतला आणि वाटीत ठेवली. गयाबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "माज्या हाताचा खवा आता तुमाला बाटला व्हय, दादा?" त्यांनी फडकं बांधलं आणि माल दुसऱ्याला देऊन गेल्या. दाजी त्या रात्री जेवले नाहीत.

मी त्यांना व्यवहाराची गोष्ट सुचवली. चाखा आणि थुंकून टाका, चहाचे व्यापारी असंच करतात म्हणे. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली. "दूद थुकायचं?" एवढंच म्हणाले. पुन्हा मी ती गोष्ट काढली नाही. जी जीभ लावता येत नाही आणि जे दूध थुंकता येत नाही, त्यांच्यामध्ये हा माणूस अडकला होता, आणि खवा आणणारी माणसं रोज थोडी थोडी उठून शेजारच्या ओट्यावर जात होती.

शेवटी आक्कानं मार्ग काढला. ती स्वतः सकाळी गल्लीत गेली, जिथे बायका माल घेऊन येतात पण व्यापाऱ्यांच्या बायका कधी जात नाहीत. गयाबाईंना तिनं सगळं सांगितलं. अस्तर, पान्हा, माळेची शपथ, सासऱ्यांचं अर्धांग, सगळं. गयाबाईंनी ऐकून घेतलं. मग आपला खवा उघडला, स्वतःच्या हातानं एक चिमट काढली आणि दाजींच्या वाटीत ठेवली. गयाबाईंनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांचं तोंडच बंद झालं. महिन्याभरात गल्लीतली रीत बदलली. वाटीत पडलेली चिमट म्हणजे मान, असं ठरलं. कुणी नवखा आलाच, की "दादा, चाखा की," तर दाजी वाटीकडे बोट दाखवून म्हणत, "माजी जीभ आता ती हाय."

सोपं नव्हतं ते. सुरुवातीचे कितीतरी दिवस हात सवयीनं तोंडाकडे जायचा. हनुवटीपाशी यायचा आणि थांबायचा. क्षणभर तिथेच, हवेत. मग वळून वाटीकडे जायचा. मी कितीदा पाहिलंय ते. पुढे सवय झाली, पण ते अर्ध्यावर थांबणं काही गेलं नाही, शेवटपर्यंत राहिलं. संध्याकाळी वाटी घरी यायची. त्यातला बराचसा खवा दाराशी बसणाऱ्या काळ्या कुत्रीच्या वाट्याला जायचा, आणि ती इतकी सुटली, की आता हिचंही रक्त तपासायला हवं असं मी म्हणायचो. पण त्याआधी ओसरीवर नवरा-बायकोचा एक खेळ चालायचा. दाजी वाटीतली एकेक चिमट आक्काच्या तळहातावर ठेवत. "वळख, कुनाचा?" आक्का घासून बघायची, हुंगायची. आधी दहा चुकायची, मग पाच, मग एखादी. जिभेला लावायची परवानगी तिलाही नव्हती. एकदा ती सलग सगळे बरोबर सांगत गेली, तेव्हा दाजी मला म्हणाले, "बासुंदी बिगडली तवा हे नाक कुटं गेलतं, कुनास ठावं." आक्कानं त्यांना चिमट फेकून मारली.

रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी आणि सकाळची प्रेशरची, दोन्ही नेमानं सुरू होत्या. फक्त एकादशीला वाद व्हायचा. "दाजी, गोळीत ज्वारी नसती," मी म्हणायचो. ते पाण्याबरोबर ती गिळत आणि नारायणगडाच्या दिशेला हात जोडत. आकडे हळूहळू उतरले. डॉक्टरबाई खूश होत्या, पण दर खेपेला एक गोष्ट स्पष्ट सांगायच्या, की इतक्या वर्षांत अस्तराचं जे नुकसान झालंय त्यातलं काही भरून येईल, सगळं नाही. आम्ही पहिलं वाक्य ऐकायचो. दुसरं ऐकायला कुणालाच नको होतं.

आणि मग तो फोन. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि माणसं म्हटली की तोंडं आली. पंगतीत मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, शेवटी खव्यानंच नेलं म्हणायचं. दुसरा म्हणाला, अहो, जन्माची सवय, चोरून चाखत असतील, जीभ कुणाची ऐकते. आक्का वाढत होती. तिनं ते ऐकलं, मी तिचा चेहरा पाहिला. तिला दाजी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या पोटात हे दुसरं होतं. आपल्याला दिलेला शब्द, तोही माळेला हात लावून, त्यांनी मोडला होता का? एका दुपारी ती मला हळूच म्हणाली, "तू बगितलं न्हाईस न्हवं?" मी नाही म्हणालो. पुढे मी एकटाच अंबाजोगाईला गेलो आणि डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पथ्य मोडलं म्हणून झालं की सगळं पाळूनही झालं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आतली जुनी साठलेली चरबी अचानक फुटते, गुठळी होते... दीड वर्षाची काळजी तीस वर्षांच्या नुकसानीपुढे कधी पुरते, कधी नाही पुरत. मी हे आक्काला जसंच्या तसं सांगितलं. तिला ते पटलं, पण पुरलं नाही.

तेरावा झाल्यावर दाजींचं दुकान उघडायचं ठरलं. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर त्याच टेम्पोवाल्यानं घाईघाईत ओट्यावरचा माल गाडीत भरून शटर ओढलं होतं, तेव्हापासून ते बंदच होतं. आक्का म्हणाली, मीपण येते. शटर वर गेलं तसा आंबूस वास अंगावर आला. सतरंजीची चौघडी तशीच होती, एका कोपऱ्याला दुमडलेली, ते कलंडले तेव्हा दुमडली असणार. पाण्याचा तांब्या आडवा झालेला. आणि डाव्या हाताला, पालथ्या ताटलीखाली झाकलेली, वाटी. माश्या बसू नयेत म्हणून दाजी ती नेहमी झाकून ठेवत, म्हणून ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती. मी ताटलीला हात लावणार होतो. आक्का म्हणाली, "थांब."

तिनंच ती उचलली. खवा वाळून पिवळा पडला होता, कडेनं हिरवट बुरशी धरली होती. पण चिमटी दिसत होत्या. एकीवर एक, शीग चढलेली, प्रत्येकीवर अंगठ्याचा तो खळगा. आक्का ओट्याच्या काठावर टेकली. गल्लीतली माणसं एव्हाना गोळा झाली होती, त्यांत गयाबाई होत्या. त्या पुढे आल्या, वाकल्या आणि सगळ्यात वरच्या चिमटीकडे बोट केलं. "ह्यो माजा. लालसर हाय बगा. शेवटाला मीच हुते. बोटांनी बगितला, हात असा वर आला..." त्यांनी आपला हात हनुवटीपर्यंत नेऊन दाखवला. "मग वाटीत ठिवला. ताटली झाकली. म्हनले, गयाबाई, जरा पानी द्या. आन् मी तांब्या उचलस्तवर..."

आक्कानं वाटी मांडीवर घेतली. वाटीच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिलीप, त्येंच्या तोंडात काईच न्हवतं." आणि तेव्हा कुठे, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, ती मोकळी होऊन रडली.

तो खवा तिनं कुत्रीला घातला नाही. माझ्या दारातल्या लिंबाच्या मुळाशी खड्डा करून त्यात घातला, दूध पायदळी येऊ नये म्हणून. वाटी घासली, पुसली आणि पुन्हा गल्लीत नेऊन ठेवली. आता त्या चौघडीवर ती स्वतः बसते. पहिले दोन दिवस गल्लीला ते बघायला विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी आपला खवा तिच्यापुढे उघडला आणि प्रश्न मिटला. माझ्या दुकानात हल्ली त्या गल्लीतली माणसं येतात, माळकरीसुद्धा, दंड पुढे करून बसतात. मी मोजतो. मोजून झालं की पाय मोकळे करायला कधीकधी बोळात जातो आणि ओट्याच्या कडेला उभा राहतो. आक्का चिमट घेते, घासते, नाकाशी नेते. तिला आयुष्यात कधी खवा चाखायची सवय नव्हती. पण तिचा हात वर जातो, हनुवटीपाशी येऊन क्षणभर थांबतो आणि मग वाटीकडे वळतो. ती हे काम दाजींचं बघून शिकली, आणि ते असंच करायचे.